तुकडे जुने, जोडणी नवी: कांदाचाळीच्या पेटंटवरचा आक्षेप कसा तपासायचा

प्रश्न विचारणारे नाशिक जिल्ह्यातले अभियंते आहेत. उन्हाळ कांदा साठवायच्या चाळीसाठी त्यांनी एक यंत्रणा तयार केली आणि पेटंटचा अर्ज भरला. क्लेम १ (क्लेम म्हणजे ज्यावर हक्क मागितला ते वाक्य) थोडक्यात असा: चाळीच्या तळाशी भोकं पाडलेल्या नळ्या, त्यांना जोडलेला पंखा, सडणाऱ्या कांद्यातून सुटणारा वायू ओळखणारा सेन्सर, आणि हे सगळं चालवणारं पॅनेल. आता एफईआर, म्हणजे परीक्षकांचा पहिला तपासणी अहवाल, आलाय. त्यात दोन जुने दस्तऐवज लावलेत. डी-१ बटाट्याच्या गोदामाचा आहे: तळाशी नळ्या, पंखा, हवा खालून वर. डी-२ फळांच्या कोल्ड स्टोरेजचा: छताला टांगलेला गॅस सेन्सर, वायू वाढला की घंटा वाजते आणि झरोका उघडतो. परीक्षकांचं म्हणणं, डी-१ आणि डी-२ एकत्र ठेवले की क्लेम १ तयार होतो, सबब इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही, म्हणजे त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचणार नाही असं यात काही नाही. यांचा प्रश्न असा: "प्रत्येक वस्तू जुनी आहे हे कबूल. पण हे सगळं एकत्र कुणीच केलेलं नाही. मग दोन वेगळे कागद चिकटवून नकार देता येतो का?"

येतो, आणि रोज दिला जातो. "एकत्र कुणी केलेलं नाही" हे नावीन्याच्या आक्षेपावरचं उत्तर झालं. नावीन्य तपासताना क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच कागदात सापडावी लागते. हळदीचं प्रकरण आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर ही सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषद त्याविरुद्ध उभी राहिली आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तिथे भांडण "हे आमच्याकडे आधीच लिहून ठेवलेलं आहे" असं होतं. तुमचं भांडण त्या जातीचं नाही. इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या आक्षेपात परीक्षकाला चार ठिकाणची ठिगळं जोडून गोधडी शिवायची मुभा असते. तुम्ही तपासायचं ते एवढंच, की तुमच्या अर्जाच्या तारखेला ही ठिगळं अशीच जोडायचं त्या धंद्यातल्या माणसाला सुचलं असतं का, आणि कशामुळे सुचलं असतं. या "कशामुळे"वर सगळा खटला फिरतो.

इन्व्हेंटिव्ह स्टेपची व्याख्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये आहे. तिचे दोन भाग आहेत. आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व, किंवा दोन्ही, हा पहिला भाग. आणि त्यामुळे ती गोष्ट जाणकाराला उघड नसावी, हा दुसरा. पुष्कळ अर्जदार पहिला भाग वाचून थांबतात आणि उत्तरात "आमच्या यंत्रणेने शेतकऱ्याचे पैसे वाचतात" यावर दोन पानं लिहितात. पैसे वाचणं चांगलंच, पण दुसरा भाग त्याने सुटत नाही.

या विषयातला आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा पायाभूत निकाल भांड्यांवरचा आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी तोच वाचायला देतो: बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, १९७८. दोन्ही पक्ष मिर्झापूरचे, भांडी बनवणारे. भांडं लेथवर फिरवून घासायचं तर ते फिरताना पक्कं धरावं लागतं. जुनी रीत अशी की तापवल्यावर मऊ होणाऱ्या लुकणाने भांडं लेथच्या हेडस्टॉकला, म्हणजे फिरणाऱ्या टोकाला, चिकटवायचं. काम संथ, शिवाय फिरता फिरता भांडं सुटून उडायचं आणि कारागिराच्या जिवावर बेतायचं. पेटंटवाल्याने समोरच्या बाजूने टेलस्टॉकचा दांडा आणून भांडं दाबून धरलं. काम वेगाने व्हायला लागलं, धोका कमी झाला, भांड्याला फिनिशही चांगलं येऊ लागलं. आता हा फायदा खोटा नव्हता. तरी पेटंट टिकलं नाही, कारण टेलस्टॉकने दाबून धरणं लेथवाल्यांना कित्येक दशकं माहीत होतं. जुनी युक्ती जुन्याच कामाला थोड्या फरकाने लावली, ही वर्कशॉपमध्ये होणारी नेहमीची सुधारणा आहे असं न्यायालयाने ठरवलं. त्या निकालातली कसोटी मला अजून सगळ्यात कामाची वाटते: तो जुना कागद त्या तारखेला एका सक्षम कारागिराच्या हातात दिला, त्याच्यापुढे तोच प्रश्न उभा आहे पण तुमचा शोध त्याने पाहिलेला नाही, तर तो वाचून तो म्हणाला असता का, की "अरे, मला हवं होतं ते हेच"?

यातलं "तुमचा शोध पाहिलेला नाही" हे पाळणं फार अवघड जातं. उखाण्याचं उत्तर एकदा कळलं की तो अवघड होता हे मान्य करायला कुणी तयार नसतं. म्हणून मी एक पथ्य पाळतो. केस हातात आली की अर्जातलं शोधाचं वर्णन वाचायच्या आधी डी-१ एकटा वाचतो, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आणि समासात लिहून ठेवतो की या माणसाला कसली अडचण होती आणि त्याने ती सोडवली का. मग डी-२. त्यानंतर तुमचा क्लेम. उलट्या क्रमाने वाचलं की डी-१ मध्ये नसलेल्या गोष्टीही दिसायला लागतात.

जाणकार कोण हेही आधी ठरवायला हवं. तुमच्या बाबतीत तो चाळीचा मालक शेतकरी नाही, आणि वायूंवर पीएचडी केलेला संशोधकही नाही. शेतमालाची गोदामं बांधून देणारा, पंख्यांचा हिशोब येणारा, पॅनेल बसवायला इलेक्ट्रिशियन बरोबर घेऊन फिरणारा अभियंता, तो तुमचा जाणकार. हा माणूस नवं काही शोधत नाही, पण ठोंब्याही नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या खटल्यात हेच बजावलं. गाडीच्या ॲक्सिलरेटरचा मागेपुढे सरकवता येणारा पेडल जुना होता, इलेक्ट्रॉनिक सेन्सरही जुना होता. गाड्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलकडे वळत असल्याने अशा पेडलला सेन्सर लावायची गरज सगळ्यांनाच पडली होती. सेन्सर हलत्या भागावर बसवला तर वायर घासून खराब होते, हेही ठाऊक होतं. मग तो न हलणाऱ्या खिळीवर बसवावा हे कुणालाही सुचलं असतं, म्हणून तो क्लेम गेला. दोन कागद जोडा असं तिसऱ्या कागदात शब्दशः लिहिलेलंच असलं पाहिजे, हा हट्ट तिथे मोडीत निघाला. पण त्याच निकालात हेही आहे, की तुकडे वेगवेगळे माहीत होते एवढं दाखवून भागत नाही. ते जोडायला कारण काय होतं, हे सांगावं लागतं.

आता तुमच्या क्लेम १ ला हे लावू. बटाटा आणि कांदा दोन्ही ढीग करून ठेवायचा माल. नळ्या आणि पंख्याचं डी-१ मधलं काम आणि तुमच्याकडचं काम एकच, ढिगातून हवा खेळवणं. सडका माल लवकर कळावा ही गरज गोदाम बांधणाऱ्या प्रत्येकाची. डी-२ सांगतो की सेन्सर टांगा, तो कळवेल. डी-१ च्या गोदामात छताला एक सेन्सर टांगायला कुणाला किती विचार करावा लागेल? शिवाय तुमच्या क्लेम १ मध्ये सेन्सर कुठे आहे आणि पंख्याशी त्याचं नातं काय, याबद्दल अक्षर नाही. पंखा आपली हवा फेकतोय, सेन्सर आपली घंटा वाजवतोय, दोघं शेजारी. मला वाईट वाटतं, पण क्लेम १ जसा लिहिलाय तसा वाचणार नाही, आणि तो वाचवण्यात तुमचा वकिलीचा खर्च घालू नका. उलट परीक्षकांनी इन्व्हेंटिव्ह स्टेपबरोबर कलम ३(एफ) लावलं नाही हे नशीब समजा. ओळखीच्या वस्तू नुसत्या मांडल्या, आणि प्रत्येक जण आपलं जुनं काम एकमेकांपासून स्वतंत्रपणे करतोय, तर त्याला ते कलम शोधच मानत नाही.

या "शेजारी शेजारी" दोषाचं माझं आवडतं उदाहरण गोठ्यातलं आहे. अमेरिकेत एका दुग्धव्यावसायिकावर पेटंटभंगाचा दावा झाला होता. उतरती फरशी, उंचावर पाण्याच्या टाक्या, पाणी एकदम सोडायचं आणि शेण लोंढ्याबरोबर वाहून जायचं, असं ते पेटंट. त्यातला एकूण एक भाग जुना होता. साक्राइडा विरुद्ध ॲग प्रो, १९७६. न्यायालयाने पेटंट रद्द केलं, कारण एकत्र येऊन त्या भागांनी आपल्या नेहमीच्या कामापलीकडे काही केलं नव्हतं. निकालाच्या तळटीपेत चक्क हर्क्युलिसने नदी वळवून तबेले धुतले ती ग्रीक कथा आहे. तीस वर्षं गोठ्यात राबलेल्या माणसाला हे सांगायला न्यायालय लागत नाही, पण असो.

मग तुमच्याकडे काहीच नाही का? आहे, आणि ते तुम्ही क्लेम ४ मध्ये पुरून ठेवलंय. सगळ्यात मोठा क्लेम पुढे आणि खरी करामत मागे, ही सवय बहुतेकांना असते. क्लेम ४ म्हणतो: ठरावीक वेळाने पॅनेल पंखा उलटा फिरवतं, नळ्यांच्या झडपा एकेक करून उघडतं, ढिगातली हवा त्याच नळ्यांतून उलटी ओढून एकाच सेन्सरवरून नेतं, आणि ज्या नळीच्या पाळीत वायू जास्त दिसेल त्या कप्प्यात सड लागलीय असं दाखवतं. म्हणजे हवा द्यायची नळी दोन मिनिटं नाक होते. दहा कप्प्यांना दहा सेन्सर लागत नाहीत, आणि "कुठेतरी सडतंय" याऐवजी "सातव्या कप्प्यात सडतंय" असं कळतं. इथे पंख्यावाचून सेन्सर अपुरा, झडपेवाचून दोन्ही अपुरे. मिर्झापूरच्या निकालाने हीच मोकळीक ठेवली होती: जुने घटक एकमेकांवर काम करून नवी प्रक्रिया किंवा सुधारलेला परिणाम देत असतील तर ती जोडणी पेटंटला पात्र ठरू शकते.

आता तुम्ही डी-१ शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत परिच्छेद २७ बघा. तिथे लिहिलंय की हवा नेहमी खालून वरच गेली पाहिजे, उलटी ओढली तर वरच्या थराची ओल खालच्या बटाट्यावर बसते. हा परिच्छेद सोन्याचा आहे. डी-१ घेऊन बसलेला जाणकार डी-२ चा सेन्सर छताला टांगेल, पण पंखा उलटा फिरवायला त्याला डी-१ च मनाई करतोय. परीक्षकांना क्लेम ४ पर्यंत पोचायचं तर ही मनाई ओलांडायचं कारण द्यावं लागेल.

अशी मनाई किती कामाला येते हे १९६६ च्या युनायटेड स्टेट्स विरुद्ध ॲडम्स खटल्यात दिसतं. ॲडम्सची बॅटरी मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडची, नुसतं पाणी घातलं की चालू होणारी. दोन्ही पदार्थ बॅटरीच्या जगात माहीत होते. सरकारी बाजू म्हणाली, जस्ताच्या जागी मॅग्नेशियम आणि सिल्व्हर क्लोराइडच्या जागी क्युप्रस क्लोराइड, यात काय विशेष? पण त्या काळचं लेखन वाचणारा माणूस या वाटेला गेलाच नसता, कारण अशा बॅटरीचे जे दोष सांगितले जात होते ते त्याला मागे खेचणारे होते. लष्कराच्या तज्ज्ञांनीही आधी हे चालणार नाही असंच म्हटलं होतं. पेटंट टिकलं.

तरी परिच्छेद २७ वर झोपू नका. सुनावणीत प्रश्न येणार: डी-१ ची ताकीद सतत उलट्या हवेबद्दल आहे, दोन मिनिटांच्या ओढीने कुठे ओल बसते? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर तुमच्या नोंदींत असायला हवं: किती मिनिटांनी ओल वाढते, तुम्ही वेळ किती ठेवली आणि का. वर्णनात ही वेळ दिलेली असेल तर ती क्लेममध्ये आणा. नसेल तर आता घुसवता येणार नाही. कलम ५९ प्रमाणे दुरुस्ती मूळ वर्णनाच्या आणि मूळ क्लेमच्या आतच राहून करावी लागते.

दुसरी भीती अहवालात नाही, ती माझी आहे. धूर पकडायच्या यंत्रणांमध्ये नळ्यांनी ठिकठिकाणची हवा ओढून एका सेन्सरपाशी आणायची पद्धत चांगली रुळलेली आहे. सर्व्हर रूम, गोदामं, सगळीकडे बसवतात. परीक्षकांना हे आज सुचलं नसेल, उद्या स्पर्धकाच्या वकिलाला सुचेल. अर्ज प्रसिद्ध झाला की पेटंट मिळेपर्यंत कलम २५(१) खाली कुणीही विरोध दाखल करू शकतो, आणि भारतात आधी वापरात असलेली गोष्टही तिथे पुढे करता येते. तुमच्याच तालुक्यात कुणी उलट्या पंख्याची चाळ चार लोकांसमोर चालवली असेल तर तीही. म्हणून आत्ताच फरक बांधून घ्या. धुराच्या यंत्रणेत वास घ्यायच्या नळ्या वेगळ्या आणि बारीक असतात, त्यांचा एरवी दुसरा उपयोग नसतो. तुमच्याकडे मालाला हवा देणारी नळी आणि पंखा हेच वास घेतात. क्लेममध्ये "त्याच नळ्या" आणि "तोच पंखा" हे शब्द ठळक यायला हवेत. आता "नळ्या" एवढंच आहे, आणि तेवढ्यावर धुराची यंत्रणा तुमच्या क्लेममध्ये बिनदिक्कत शिरते.

उत्तर लिहिताना होणाऱ्या चुकांपैकी एकच सांगतो, कारण ती मी स्वतः केलेली आहे. माझ्या सुरुवातीच्या एका सुनावणीत मी अर्धा तास डी-१ मध्ये काय नाही ते सांगितलं, मग डी-२ मध्ये काय नाही ते सांगितलं. समोरून शांतपणे विचारणा झाली, "पण जे डी-१ मध्ये नाही ते डी-२ मध्ये आहे ना?" मी गप्प. एकेका कागदाला वेगळं पाडून मारण्यात काही अर्थ नसतो, कारण आक्षेप जोडणीवर आहे. मारायचं ते जोडणीलाच. डी-१ वाचणाऱ्याला डी-२ उघडायचं कारण नव्हतं, किंवा उघडला तरी तो सेन्सर इथे अशा रीतीने बसला नसता, किंवा बसवला तर डी-१ चं मूळ कामच बिघडलं असतं. या तिन्हींतलं जे खरं असेल तेच लिहा. तुमच्या बाबतीत पहिलं खरं नाही, तेव्हा ते लिहू नका; खोटा मुद्दा खऱ्या मुद्द्यालाही बुडवतो. तीन किंवा चार कागद लावले म्हणून आक्षेप आपोआप कमजोर होतो असंही नाही. एखादा कागद नुसता "तापमान मोजायचं पॅनेल जुनं आहे" एवढंच सांगायला आलेला असतो.

परीक्षकांच्या अहवालाकडेही त्याच नजरेने बघा. तुमच्या अहवालातलं शेवटचं वाक्य आहे की डी-१ आणि डी-२ एकत्र करून "सड लागलेला कप्पा ओळखणं" जाणकाराला उघड आहे. आता डी-१ आणि डी-२ मध्ये "कप्पा ओळखणं" हे शब्द शोधा. सापडणार नाहीत, कारण ते तुमच्या वर्णनातून उचललेत. म्हणजे उत्तर बघून उखाणा घातलाय. हे नम्रपणे पण नाव घेऊन दाखवून द्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ च्या ॲग्रिबोर्ड इंटरनॅशनल प्रकरणात सांगितलंय की इन्व्हेंटिव्ह स्टेप नाही म्हणून अर्ज नाकारताना जुन्या कागदात काय आहे, अर्जात काय आहे आणि जाणकार एकाकडून दुसऱ्याकडे कसा पोचेल, हे तिन्ही लिहावं लागतं. "उघड आहे" एवढं म्हणून चालत नाही. आणि २०१५ च्या रोश विरुद्ध सिप्ला निकालातल्या पाच पायऱ्यांमधली शेवटची पायरी हीच आहे: तुमचा शोध माहीत नसल्यासारखं करून फरक तोलायचे, मागाहून आलेलं शहाणपण बाजूला ठेवायचं. उत्तरात या पाच पायऱ्यांच्या क्रमाने लिहिलंत तर वाचणाऱ्याला सोपं जातं. निकालांची चळत मात्र लावू नका. दोन पुरेत.

मुदत एफईआरच्या तारखेपासून ६ महिन्यांची आहे. वेळेत मागितली तर वाढवून मिळते, पण तुमच्याकडे अजून वेळ आहे. क्लेम १ मध्ये क्लेम ४ पूर्ण आणा, "त्याच नळ्या, तोच पंखा" घाला, आधीचा क्लेम ४ रद्द करा. मग परिच्छेद २७ उद्धृत करा आणि कप्प्यांच्या चाचणीचा तक्ता जोडा. सुनावणी लागली तर तिच्यानंतर लेखी म्हणणं द्यायला १५ दिवस मिळतात, पण तक्ता तेव्हासाठी राखून ठेवू नका. आणि तो तक्ता पाठवण्याआधी मला एक सांगा: दहा कप्प्यांपैकी किती कप्प्यांत तुम्ही मुद्दाम सडके कांदे घालून पाहिलं होतं, आणि शेजारच्या कप्प्याची हवा त्या नळीत येत नाही हे कशावरून ठरवलंत? सुनावणीत पहिला प्रश्न तोच विचारला जाईल.